आवक-जावक बारनिशी आणि दोन मीटरची तार

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. धाकटी मुलगी नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. परवा बोलता बोलता म्हणाली, की एकाच रॅकमधल्या दोन सर्व्हरना जोडणारी त्यांची केबल दोन मीटरची आहे आणि तिचा वेग 100 गीगाबिट आहे. आमच्या घरी 100 मेगाबिटचं कनेक्शन आहे आणि त्यावर सगळं घर सिनेमे बघतं. म्हणजे हे हजार पट झालं. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन यंत्रांना एकमेकांशी एवढं काय बोलायचं असतं? तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, खरी गोष्ट स्पीडची नाही, लेटन्सीची आहे," आणि फोन ठेवून दिला. हे काय प्रकरण आहे? आणि जाता जाता, आमच्या पतसंस्थेत चार सर्व्हर आहेत. तिथे अशी केबल टाकावी का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : मुलीने सांगितलं ते बरोबर आहे. फक्त ते उलगडून सांगायला तिला वेळ नव्हता. आपल्याला आहे.

आधी 'वेग' या शब्दाची फोड करू. उन्हाळ्यात गावाला दहा हजार लिटरचा टँकर मंजूर होतो, पण तो येतो उद्या सकाळी. दारात आलेल्या पाहुण्याला मात्र तांब्याभर पाणी आत्ता हवं असतं. टँकर केवढा, हा एक प्रश्न. पहिला घोट कधी मिळणार, हा दुसरा. पहिल्याला बँडविड्थ म्हणतात आणि दुसऱ्याला लेटन्सी, म्हणजे विलंब. 100 मेगाबिट आणि 100 गीगाबिट ही मापं टँकरची आहेत. घरी सिनेमा बघणं हा टँकरचाच व्यवहार असतो. पहिलं दृश्य दोन सेकंद उशिरा आलं तरी कुणाचं बिघडत नाही, पुढे धार तुटली नाही म्हणजे झालं. सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते बहुतेक वेळा तांब्याचं. निरोप छोटा असतो, पण त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही आणि असे निरोप लाखांनी असतात.

आता हा विलंब मोजायचा कशाने? अमेरिकी नौदलातल्या अधिकारी आणि संगणकशास्त्रातल्या थोर विदुषी ग्रेस हॉपर व्याख्यानाला जाताना तारेचे तुकडे घेऊन जात आणि श्रोत्यांना वाटत. प्रत्येक तुकडा जवळजवळ 30 सेंटिमीटरचा. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश निर्वात जागेत तेवढंच अंतर कापतो. काचेच्या किंवा तांब्याच्या तारेत संकेत थोडा मंदावतो आणि नॅनोसेकंदाला सुमारे 20 सेंटिमीटर जातो. आपल्याकडे या लांबीला तयार शब्द आहे : वीत. म्हणजे तुमच्या मुलीची दोन मीटरची तार दहा वितींची झाली आणि ती ओलांडायला दहा नॅनोसेकंद लागले.

हे आकडे हाताला लागत नाहीत, म्हणून एक खेळ करू. एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असं धरा. मग ती तार ओलांडायला दहा सेकंद लागतात. सर्व्हरला स्वतःच्याच मेमरीतून एक नोंद काढायला साधारण पावणेदोन मिनिटं. एसएसडीतून वाचायला सव्वा दिवसाच्या आसपास. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून वाचायचं तर तीन महिने. आणि शेजारच्या सर्व्हरला नेहमीच्या नेटवर्कवरून एक छोटा निरोप पोचवायला? खऱ्या घड्याळात 30 ते 50 मायक्रोसेकंद, म्हणजे आपल्या खेळात आठ ते चौदा तास.

इथे थांबा. वाट दहा सेकंदांची आणि निरोपाला चौदा तास! उरलेला वेळ गेला कुठे?

याचं उत्तर तुमच्यापेक्षा चांगलं कुणाला कळणार? तो गेला आवक-जावक बारनिशीत. नेहमीच्या पद्धतीत एखाद्या प्रोग्रॅमला दुसऱ्या सर्व्हरकडे काही पाठवायचं असलं, की तो ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतो. ती त्याची प्रत काढते, तुकडे करते, प्रत्येक तुकड्याला पत्ता आणि क्रमांक लावते आणि नेटवर्क कार्डाकडे देते. पलीकडचं कार्ड तुकडा आला की प्रोसेसरला हाक मारतं. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो. तिथली ऑपरेटिंग सिस्टिम तुकडे तपासते, लावते, पुन्हा प्रत काढते आणि मग ज्याचा निरोप त्याला उठवून देते. शिपाई दोन टेबलांमधलं अंतर दहा पावलांत कापतो. कागद मात्र जावक क्रमांक, आवक क्रमांक, शिक्का, सही आणि 'साहेब जागेवर नाहीत' यांत दिवसभर अडकतो. रस्ता कितीही रुंद केला तरी हा वेळ कमी होत नाही. म्हणून बँडविड्थ दहा पट वाढवूनही विलंब बराचसा तसाच राहतो. तुमच्या मुलीच्या वाक्याचा अर्थ हाच.

त्यावर काढलेल्या युक्तीचं नाव रिमोट डायरेक्ट मेमरी ॲक्सेस, थोडक्यात आरडीएमए. कर्जखात्याला ठेव विभागातल्या एका कपाटातल्या फायली दिवसातून हजार वेळा लागतात, असं समजा. दर वेळी पत्र, नोंद आणि शिपाई यापेक्षा ठेव विभागाने एकदाच ठरवून टाकलं : हे कपाट, एवढेच खण आणि ही घ्या किल्ली. आता कर्जखात्याचा माणूस थेट येतो, खण उघडतो, फाईल बघतो किंवा ठेवतो आणि जातो. ठेव विभागाचा कारकून मानही वर करत नाही. आरडीएमएत नेमकं हेच होतं. एक सर्व्हर आपल्या मेमरीचा ठरावीक भाग आधीच नोंदवून ठेवतो, दुसऱ्याला त्याची किल्ली देतो आणि मग त्याचं नेटवर्क कार्ड इकडच्या मेमरीत थेट वाचतं किंवा लिहितं. प्रोसेसरला हाक नाही, मधल्या प्रती नाहीत. किल्ली हा शब्द मी उपमेसाठी घेतलेला नाही, तांत्रिक भाषेतही त्याला 'रिमोट की' असंच म्हणतात. किल्ली जुळते का, हे कार्ड स्वतःच तपासतं. अशा वाटेने छोटा निरोप मायक्रोसेकंदाच्या आसपास पोचतो. आपल्या खेळात चौदा तासांची सतरा मिनिटं झाली.

ही पद्धत मुख्य प्रवाहात आणली ती इन्फिनिबँड नावाच्या जाळ्याने. त्याची जन्मकथा गमतीची आहे. संगणकाच्या आत कार्डं जोडणारी जुनी व्यवस्था अपुरी पडू लागली तेव्हा दोन तट पडले. एकीकडे इंटेल, मायक्रोसॉफ्ट, सन. दुसरीकडे आयबीएम, कॉम्पॅक, ह्यूलेट-पॅकार्ड. 1999 मध्ये दोघांनी भांडण मिटवून एकच मानक करायचं ठरवलं आणि 2000 मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. बेत मोठा होता : संगणकाच्या पोटातली आणि बाहेरची सगळी जोडणी एकाच पद्धतीने करायची. तो बेत फसला. डॉटकॉमचा फुगा फुटला, मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. पण 2003 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने ॲपलचे 1,100 पॉवर मॅक जी5 संगणक इन्फिनिबँडने जोडले आणि तो जमाव जगातल्या महासंगणकांच्या यादीत थेट तिसरा आला. दुकानात मिळणारी यंत्रंसुद्धा नीट बोलायला लागली तर काय करू शकतात, हे सगळ्यांना दिसलं. तेव्हाची इन्फिनिबँडची तार 10 गीगाबिटची होती. आज 400 आणि 800 गीगाबिटच्या पिढ्या आहेत.

तुमच्या भागातलं उदाहरण घेऊन इन्फिनिबँडचा दुसरा गुण सांगतो. साखर कारखाना रोज ठरावीक टनच ऊस गाळू शकतो. म्हणून तो कधी कुणाला तोड द्यायची ते ठरवतो. तोड मिळाल्याशिवाय ऊस तोडायचा नाही, कारण यार्डात पडून राहिला तर वाळतो. इन्फिनिबँडमध्येही 'माझ्याकडे एवढी जागा रिकामी आहे' असं समोरच्याने कळवल्याशिवाय तुकडा निघतच नाही. साध्या इथरनेटचा स्वभाव वेगळा. तिथे सगळे आपापल्या ट्रॉल्या घेऊन निघतात आणि स्विचमध्ये जागा नसली तर माल सरळ टाकून दिला जातो. हरवलं ते पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवायचं. एरवी ते लवकर लक्षात येतं, पण वाईट वेळ आली तर लिनक्स सर्व्हर पुन्हा पाठवण्याआधी किमान 200 मिलिसेकंद वाट बघतो. आपल्या खेळात ही सव्वासहा वर्षं!

पण इथरनेटला कमी लेखू नका. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत 1973 मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी ते सुचवलं आणि पहिलं इथरनेट 2.94 मेगाबिटचं होतं. 2017 मध्ये 400 गीगाबिटचं मानक मंजूर झालं, म्हणजे सव्वा लाख पटींहून जास्त. शिवाय ते स्वस्त, सगळीकडे मिळणारं आणि दुरुस्तीला माणूस सापडणारं. म्हणून 2010 मध्ये आरडीएमएची किल्लीची युक्ती इथरनेटवर बसवली गेली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार तंत्रज्ञ 'रॉकी' असा करतात. फक्त तिला माल टाकून देणं परवडत नाही, म्हणून स्विचला 'थांबा' म्हणायला शिकवावं लागलं. त्यातून नवी अडचण उभी राहिली. कारखान्याच्या गेटवरची ट्रॉल्यांची रांग हायवेवर आली, की कारखान्याशी संबंध नसलेली एसटीसुद्धा अडकते. इथेही तसंच होतं. रॉकीचं जाळं चालवणाऱ्यांचा बराच वेळ ही रांग हायवेपर्यंत जाऊ न देण्यातच जातो.

आता तुमचा मूळ प्रश्न : एवढं बोलायचं काय असतं? उदाहरण तुमच्याच धंद्यातलं घेऊ. मोठ्या बँकेचा डेटाबेस एका सर्व्हरवर मावत नाही आणि एकावर विसंबणंही धोक्याचं. म्हणून दोन, चार, आठ सर्व्हर मिळून एकच डेटाबेस चालवतात. समजा, एका खात्याची नोंद पहिल्या सर्व्हरच्या मेमरीत आहे, तिथे नुकतीच पगाराची रक्कम जमा झाली आहे आणि त्याच क्षणी एटीएमची मागणी दुसऱ्या सर्व्हरकडे गेली. दुसऱ्याने जुनी शिल्लक बघून चालणार नाही. खतावणी एकच, लिहिणारे हात अनेक, अशी ही स्थिती. पूर्वी पहिल्याने बदललेलं पान डिस्कवर लिहायचं आणि दुसऱ्याने तिथून वाचायचं, असा उपाय होता. आपल्या खेळात डिस्कची एक फेरी तीन महिन्यांची, हे आठवा. 2001 मध्ये ओरॅकलने आपल्या डेटाबेसात हे पान मेमरीतून मेमरीत, जाळ्यावरून थेट सरकवायची सोय आणली. त्या दिवसापासून दोन सर्व्हरमधली तार ही डेटाबेसचाच अवयव झाली. 2008 मध्ये याच कंपनीने एक्साडेटा हे खास डेटाबेस यंत्र आणलं, त्यात इन्फिनिबँड होतं. 2019 मध्ये त्या मालिकेने इन्फिनिबँड सोडून 100 गीगाबिटचं रॉकी घेतलं. डेटाबेस सर्व्हर आता साठवणीच्या सर्व्हरमधली नोंद किल्लीने थेट उचलतो आणि त्याला 19 मायक्रोसेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. तुमच्या मुलीची 100 गीगाबिटची केबल बहुधा अशाच कुठल्या तरी कामावर आहे.

सांगलीत बसून तुम्हाला हा फरक जाणवेल का? थेट नाही. तारेत एक किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद जातात, म्हणजे सांगलीहून नवी मुंबईला जाऊन यायलाच तीन-चार मिलिसेकंद. पण तुम्ही फोनवर एकदा बोट टेकवलंत, की आत शिल्लक, मर्यादा, सही, नोंद, उलट नोंद अशा अनेक फेऱ्या सर्व्हरांमध्ये एकामागोमाग होतात. शिवाय त्या वेळी तुम्ही एकटे नसता. पगाराच्या दिवशी लाखो जणांची बोटं टेकलेली असतात. प्रत्येक फेरीत वाचलेले मायक्रोसेकंद तिथे साठतात आणि मग 'सर्व्हर डाउन' ही पाटी दिसत नाही. तुम्हाला जाणवतो तो एवढाच फायदा.

हवामानाच्या कामात हे आणखी स्पष्ट दिसतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 2018 मध्ये 'प्रत्युष' हा महासंगणक आला. अशा यंत्रावर अंदाज काढताना आकाशाचे तुकडे पाडून प्रत्येक प्रोसेसरला एक-एक तुकडा देतात, जशी वावरं वाटून द्यावीत. पण ढग बांध जुमानत नाही. म्हणून गणिताच्या दर पायरीला प्रत्येकाने शेजाऱ्याच्या बांधालगतची खबर घ्यावी लागते आणि ती आल्याशिवाय पुढची पायरी नाही. एक शेजारी रखडला की सगळं शिवार थांबतं.

पुण्याचं या विषयाशी नातं जुनं आहे. सी-डॅकने 1991 मध्ये उभारलेल्या 'परम 8000' मध्ये ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. त्या चिपमध्येच शेजाऱ्यांशी बोलायच्या चार वाटा होत्या, म्हणजे हिशेब करणं आणि बोलणं एकाच डोक्यात. पुढे 'परम पद्म'साठी सी-डॅकने परमनेट-2 हे स्वतःचं जाळं बनवलं आणि 2003 मध्ये ते यंत्र जगातल्या पहिल्या पाचशेत आलं. 2007 मध्ये टाटांच्या पुण्यातल्या संशोधन कंपनीचा 'एका' हा महासंगणक जागतिक यादीत चौथा आणि आशियात पहिला ठरला. त्यातले सर्व्हर इन्फिनिबँडने जोडलेले होते आणि त्याची मांडणी नेहमीच्या सरळ रांगांऐवजी जवळपास गोलाकार होती. गोलाचा फायदा पंगतीपेक्षा अंगतपंगतीला बसणाऱ्यांना जास्त कळतो : कुणीच कुणापासून फार लांब नसतं, तारा आखूड राहतात.

यंत्रं हजारांत गेली, की प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडणं अशक्य होतं. मग स्विचची उतरंड लागते. 1985 मध्ये चार्ल्स लायझरसन यांनी 'फॅट ट्री'ची, म्हणजे जाड्या झाडाची रचना मांडली : फांद्या जिथे एकत्र येतात तिथे रस्ता तेवढाच रुंद ठेवायचा, म्हणजे मधे कोंडी नाही. पण एवढं जाडजूड खोड एका स्विचने होत नाही. म्हणून प्रत्यक्षात एका खोडाच्या जागी बरेच स्विच शेजारी शेजारी उभे करतात. इंग्रजीतलं नाव काहीही असो, दिसायला हे झाड वडाचंच : वर फांद्या आणि खाली पारंब्यांची अनेक खोडं. एक पारंबी तुटली तरी झाड उभं राहतं.

अलीकडे या सगळ्याला उधाण आलं ते कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. मोठं भाषा-मॉडेल शिकवताना हजारो ग्राफिक्स प्रोसेसर आपापल्या वाटणीचा धडा गिरवतात, मग सगळ्यांच्या दुरुस्त्यांची बेरीज करून ती पुन्हा सगळ्यांना वाटायची असते. ती पोचेपर्यंत ही महागडी यंत्रं हात बांधून बसतात. इन्फिनिबँडच्या काही स्विचमध्ये तर बेरीज वाटेतच होते, शाखांचे आकडे विभागीय कार्यालयात एकत्र होऊन मुख्यालयात जावेत तशी. एनव्हीडियाने 2019 मध्ये इन्फिनिबँडमधली अग्रणी इस्रायली कंपनी मेलानॉक्स सुमारे 6.9 अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं ते उगीच नव्हे. चिप विकणाऱ्याला तारेची किंमत कळली होती. दुसरीकडे मेटाने 2024 मध्ये 24,576 प्रोसेसरांचे दोन समूह जाहीर केले, एक इन्फिनिबँडवर, दुसरा रॉकीवर, दोन्हीकडे 400 गीगाबिट. 2023 मध्ये बऱ्याच कंपन्यांनी एकत्र येऊन इथरनेटच अशा कामाजोगं करण्यासाठी 'अल्ट्रा इथरनेट' हा संघ काढला आणि 2025 मध्ये त्याचं पहिलं मानक आलं. कुस्ती चालू आहे. गंमत ही, की दोन्ही पैलवान एकमेकांचे डाव शिकत आहेत.

राहता राहिली तुमची पतसंस्था. चार सर्व्हरना 100 गीगाबिटची गरज नाही. 10 गीगाबिटचं साधं इथरनेट भरपूर होईल, फार तर 25. जवळच्या सर्व्हरना तांब्याच्या आखूड केबल घ्या. त्या काचेच्या तारेपेक्षा स्वस्त पडतात आणि दोन-तीन मीटरपर्यंत उत्तम चालतात. उरलेले पैसे बॅकअप आणि यूपीएसवर घाला. बॅकअप घेतला जातो का, हे बघून थांबू नका. तो परत उतरवून बघितला आहे का, तेही विचारा.

आणि तरीही सिस्टिम संथ वाटली, तर तार बदलण्याआधी तुमच्या नोकरीतली जुनी सवय वापरा. काउंटरवर रांग वाढली की कॅशियरला जोरात नोटा मोजायला सांगून उपयोग नसतो, हे तुम्ही पाहिलेलं आहे. व्हाउचर कुठल्या टेबलावर पडून आहे, ते उठून बघावं लागतं. तुमच्या मुलीचं खातं दिवसभर तेच करतं, फक्त नॅनोसेकंदांत. पुढच्या फोनला तिला विचारा, "आज कुठलं टेबल अडलं होतं?" ती फोन लवकर ठेवणार नाही.